'संस्कृतीकरण' या संज्ञेचें परीक्षण

प्रा. एम्. एन्. श्रीनिवास यांनीं १९५२ सालीं कूर्ग लोकांवरील आपल्या ग्रंथांत जो सिद्धान्त मांडिला, तो मराठींत 'संस्कृतीकरण' या नांवानें ओळखला जातो. खालच्या मानिलेल्या जातीनें वरिष्ठांचे आचार, आहारनियम व विधि उचलावे आणि पिढी-दोन पिढ्यांत आपलें स्थान उंचवावें, हा त्याचा थोडक्यांत आशय होय. पुष्कळ जातींच्या इतिहासास तो लागू पडतो, हें आम्ही मान्य करितों. परंतु ज्यांस समाजानें स्पर्शाबाहेर ठेविलें, त्यांच्या वर्तनाचा उलगडा त्यानें होतो काय?

महार समाजाचें उदाहरण घेऊं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गोपाळबुवा वलंगकर यांनीं अस्पृश्य हे मूळचे क्षत्रिय होत असें प्रतिपादून लष्करभरतीची मागणी केली. येथें सिद्धान्त कांहीं अंशीं जुळतो. पुढें मार्च १९२७ च्या महाड परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं मृतमांस सोडण्याचा उपदेश केला. वरवर पाहणारास हेंहि अनुकरणच वाटेल. पण त्याच परिषदेचे लोक २० मार्च रोजीं चवदार तळ्यावर गेले ते शुद्ध झालों म्हणून नव्हे, तर सार्वजनिक पाण्यावर आपला हक्क आहे म्हणून. त्याच वर्षीं २५ डिसेंबरास महाडासच मनुस्मृतीचें दहन झालें. ज्याचें अनुकरण करावयाचें, त्याचाच प्रमाणग्रंथ कोणी जाळीत नाहीं. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह (१९३०), येवल्याची घोषणा (१९३५) व नागपूरचें धर्मांतर (१९५६) हा क्रम पाहिला म्हणजे मान्यतेची याचना, हक्काची मागणी आणि अखेर मान्यता देणाराच नाकारणें, अशा तीन निरनिराळ्या वृत्ति दिसतात. एकच आचार या तिहींत निरनिराळा अर्थ धारण करितो. म्हणून संशोधकानें आचार नोंदून थांबूं नये. तो कोणाच्या दृष्टीसाठीं केला, हेंहि पाहावें.

अस्पृश्यतेची सीमा संस्कृतीकरणानें ओलांडतां येत नाहीं, ही मर्यादा श्रीनिवासांनीं स्वतःच कबूल केली होती; हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. पण आमचा आक्षेप याहून मूलगामी आहे. या शब्दांत च्वि प्रत्यय आहे. जें पूर्वीं तसें नव्हतें, तें तसें करणें, असा त्याचा अर्थ. म्हणजे ज्यांचा अभ्यास करावयाचा ते आधीं 'असंस्कृत' होते, हा बहिष्कार घालणारांचा निवाडा संज्ञेंतच शिरला. शिवाय संस्कारास अधिकार लागतो, आणि येथें नाकारलेली वस्तु तर अधिकारच! ज्यास उपनयनाचा अधिकार नाहीं, त्यानें कितीहि शुचिता पाळिली तरी शास्त्रदृष्ट्या द्विजत्व कोठून येणार?

आम्हीं उभी हयात हा प्रत्यय वर्गांत शिकविला. उदाहरणें फळ्यावर लिहिलीं. तो माणसांस लाविला असतां काय गृहीत धरितो, हें उतारवयांत ध्यानांत आलें, याची लाज वाटते. संज्ञा टाकून द्यावी असें आमचें म्हणणें नाहीं. जेथें अनुकरण आहे तेथें ती खुशाल वापरावी. पण जेथें माणसें मान मागत नसून हक्क सांगत आहेत, तेथें त्यांच्या कृतीस त्यांनींच दिलेलें नांव प्रमाण मानावें.