गोरिलाची फाईल वाचताना

एमएस-डॉस या संगणक-प्रणालीची पाचवी आवृत्ती 1991 साली आली. तिच्यासोबत क्यूबेसिक ही नवशिक्यांची भाषा आली आणि त्या भाषेत लिहिलेले चार नमुना-प्रोग्रॅमही आले. एक घरगुती हिशेबाचा, एक जुन्या प्रोग्रॅममधले ओळींचे आकडे काढून टाकणारा, एक सापाचा खेळ आणि चौथा गोरिला डॉट बॅस. त्यात शहरातल्या दोन इमारतींच्या गच्चीवर दोन गोरिला उभे राहतात आणि आळीपाळीने एकमेकांवर फुटणारी केळी फेकतात. कोन किती, वेग किती, हे खेळणाऱ्याने आकड्यांत सांगायचं. एवढाच खेळ.

दहावीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण येतं, प्रोग्रॅमचं येत नाही. पण ही फाईल तशी वाचण्याजोगी आहे, कारण ती आधी वाचायलाच मिळायची. फाईल उघडली की समोर खेळ नव्हे, खेळाचा मजकूर यायचा, हजारावर ओळींचा. शिफ्ट आणि एफ-पाच दाबलं की तोच मजकूर चालू लागायचा. वर मायक्रोसॉफ्टचा 1990 चा कॉपीराइट आहे, लेखकाचं नाव मात्र नाही. निनावी लेखकाची ही चीज आहे, आणि माझ्या मते पहिल्या प्रतीची.

नव्वदच्या दशकात मुंबईत आमच्या भांडुपला दुकानांच्या वरच्या माळ्यांवर कॉम्प्युटर क्लास निघाले. मशीन कमी, पोरं जास्त, म्हणून एका मशीनसमोर दोघं. सर चहाला खाली उतरले की गोरिला सुरू. हा खेळ एकट्याने खेळताच येत नाही; तो दोन माणसं आणि एक कीबोर्ड गृहीत धरूनच लिहिला आहे. गैरसोय म्हणून आम्ही जिच्याकडे बघायचो, ती खेळाची अट होती.

प्रत्येक डावाला नवं शहर उभं राहतं. प्रोग्रॅम मनातल्या मनात सहा तोंडांचा फासा टाकतो. एक पडला तर इमारती चढत जातात, दोन पडले तर उतरत जातात, बाकी चार वेळा रांग मध्यावर दिशा बदलते. इमारतींना तीनच रंग. खिडक्या रंगवताना दर खिडकीला पुन्हा फासा, आणि चारांत एक या हिशेबाने खिडकी काळोखी राहते. ही ओळ मला फार आवडते. खेळाला तिची काहीच गरज नव्हती. सगळ्या खिडक्या पिवळ्या केल्या असत्या तरी केळं तसंच उडालं असतं. पण घरात कोणी नाही, कोणी लवकर झोपलंय, कोणाची पाळी रात्रीची आहे, हे सगळं त्या एका अटीतून पडद्यावर येतं. भांडुप पश्चिमेला जमीन स्टेशनापासून टेंभीपाडा, खिंडीपाड्याकडे चढत जाते, पूर्वेला मिठागरं आणि खाडीकडे उतरते. कारखान्यांच्या पट्ट्यात आता टॉवर उभे आहेत. रात्री लोकलच्या दारातून ही रांग पाहिली की फाशात कोणता आकडा पडला असेल, हा विचार मनात येतोच.

गोरिला पहिल्या इमारतीवर कधीच उभे राहत नाहीत. कडेपासून दुसरी किंवा तिसरी, असा नियम आहे. अगदी काठावर उभे केले असते तर केळं मागे पडद्याबाहेर गेलं असतं आणि चुकीची गंमत उरली नसती. अशा लहान निर्णयांतून लेखक दिसतो.

आता या फाईलचा गाभा. केळं कशावर आदळलं, हे प्रोग्रॅमला कसं कळतं? मोठ्या भाषांतला सावध लेखक इमारतींची यादी ठेवील, त्यांच्या कडा नोंदवील, दर क्षणी तुलना करील. इथे तसं काही नाही. बेसिकमध्ये पॉइंट नावाची एक साधी सोय आहे. पडद्यावरच्या अमुक ठिपक्याचा रंग कोणता, एवढंच ती सांगते. केळं पुढे सरकताना प्रोग्रॅम त्याच्या आसपासचे ठिपके विचारतो. आकाशाचा रंग असेल तर चालू दे. गोरिलाचा रंग असेल तर गोरिला गेला. दुसरा काही असेल तर इमारत. चित्र हाच नकाशा, चित्र हीच नोंदवही.

त्याचा परिणाम पाहा. केळं इमारतीवर फुटलं की तिथे वर्तुळं वाढतात आणि शेवटी ती जागा आकाशाच्या रंगाने पुसली जाते. इमारतीला भोक पडल्याची नोंद कुठेही होत नाही. पण पुढचं केळं तिथून जाताना प्रोग्रॅम पॉइंटला विचारतो, उत्तर येतं आकाश, आणि केळं आरपार जातं. भोक खरंच भोक होतं. चार-पाच फेऱ्या मधल्या इमारतीवर वाया घालवून तिच्यातून बोगदा काढायचा आणि सहावं केळं त्यातून पलीकडे घालायचं, हा डाव त्यामुळे शक्य होतो. भाषा तोकडी होती म्हणून असं लिहिलं असेलही. पण त्या तोकडेपणातून आलेला उपाय नेमका आणि देखणा आहे.

सूर्याला वेगळी वागणूक आहे. वर मध्यभागी तो हसत असतो. केळं त्याला लागलं तर ते थांबत नाही, फुटत नाही. सूर्याचं तोंड मात्र आश्चर्याने गोल होतं. या विनोदासाठी लेखकाने दोन स्थिरांकांना नावं दिली आहेत, एक सुखी सूर्याचं, एक हादरलेल्या सूर्याचं. फुकट वाटायच्या नमुन्यात एवढे लाड कोण करतो?

केळ्याच्या वाटेचं गणित दोन ओळींत मावतं, आणि अकरावीच्या भौतिकशास्त्रात प्रक्षेप्याची गती शिकलेल्या कोणालाही ते ओळखू येईल. आडव्या दिशेला वेग गुणिले वेळ, त्यात शहरात वाहणाऱ्या वाऱ्याचा काही हिस्सा गुणिले वेळेचा वर्ग. उभ्या दिशेला तसंच, फक्त वाऱ्याच्या जागी गुरुत्वाकर्षण. वेळ दर पावलाला एक दशांशाने सरकते. गुरुत्वाकर्षण किती हवं, ते सुरुवातीलाच विचारलं जातं, पृथ्वीचं 9.8 असतं असंही सांगितलं जातं. तिथे 1.6 लिहिलं की चंद्रावरची मारामारी. दुसऱ्या खेळाडूचा कोन 180 मधून वजा केला जातो, म्हणजे दोघांनाही आपापल्या बाजूने तोच हिशेब करता येतो. आणि वेग दोनहून कमी दिला तर केळं हातातच फुटतं. आळशी फेकीला ही शिक्षा.

दोष नाहीत असं नाही. सुरू होताना प्रोग्रॅम अर्धा सेकंद नुसते आकडे मोजतो आणि त्यावरून मशीन किती वेगवान ते ठरवतो. जितकं वेगवान, तितकी मधली विश्रांती लांब. त्या काळच्या मशीनसाठी युक्ती ठीक होती, आजच्या मशीनवर हे गणित कोलमडतं. शिवाय गोरिलाचं चित्र काढणारा भाग रेघा आणि कंसांच्या आकड्यांनी इतका भरला आहे की तिथे वाचकाचं काही चालत नाही. तिथून मी दर वेळी पुढे सरकतो.

क्यूबेसिकचं मूळ असलेल्या बेसिकचा जन्म 1964 चा, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातला. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्‌झ या दोघांना विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा असं वाटत होतं. अशा भाषेत खेळणी होतात, धंद्याचे खेळ होत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी अँडी डेव्हिडसनकडे पाहावं. या इंग्रज तरुणाने अमिगा संगणकावर ब्लिट्झ बेसिकमध्ये अळ्यांच्या लढाईचा खेळ लिहिला आणि एका मासिकाच्या स्पर्धेला पाठवला. स्पर्धा तो जिंकला नाही. पुढे टीम सेव्हन्टीन या कंपनीने तो हाती घेतला आणि 1995 मध्ये तो वर्म्स म्हणून बाजारात आला. त्याचा पिंड गोरिलाचाच: कोन, जोर, वारा आणि ढासळणारी जमीन.

पॉइंटही मेला नाही. एमआयटीतून 2007 मध्ये आलेल्या स्क्रॅच या मुलांसाठीच्या भाषेत, अमुक रंगाला स्पर्श होतोय का, असं विचारणारा ठोकळा आहे. भोकाची तीच कल्पना आता आठ वर्षांचं मूल माउसने ओढून आणतं. आमच्या शेजारी पवईला आयआयटी मुंबईत श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांसाठी कॉम्प्युटर मस्ती ही पुस्तकमाला केली, तिच्यातही स्क्रॅच शिकवलं आहे. तिकडे 2001 पासून एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाची लाट आली आणि गल्लीतल्या क्लासांत पत्र टाइप करणं आणि तक्ते भरणं हे मुख्य झालं. त्याने अनेकांना नोकऱ्या मिळाल्या, तक्रार नाही. पण चालू खेळाचं पोट उघडून पाहायची सवय त्या अभ्यासक्रमात नव्हती.

मोबाइलवर आज मुलं जे खेळतात ते कितीही देखणं असो, त्याच्या खिडक्यांत काळोख कोणी आणि का ठेवला हे त्यांना दिसत नाही. स्क्रॅचवर जाहीर केलेल्या प्रत्येक खेळाला मात्र आत पाहण्याचं बटण आहे. शाळेत किंवा क्लासमध्ये स्क्रॅच शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती: पहिल्या दिवशी स्क्रॅचमधलं ठरलेलं मांजर चालवायला लावू नका. एखादा पुरा, चांगला खेळ आधी मनसोक्त खेळू द्या, मग तो उघडा, आणि त्यातला एकच आकडा मुलांना बदलू द्या.