झडलेली चरबी जाते कुठे?

एखाद्याचे वजन दहा किलोने उतरले, तर ते दहा किलो गेले कुठे? शिक्षकांच्या मेळाव्यात हा प्रश्न टाकून पाहावा. 'जळून गेले, त्याची ऊर्जा झाली' हे उत्तर बहुधा सर्वांत आधी येते. कोणी 'घामावाटे गेले' म्हणतो, तर कोणी 'त्याचे स्नायू झाले'. ऑस्ट्रेलियातील रूबेन मीरमन व अँड्र्यू ब्राउन यांनी हाच प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम-प्रशिक्षक अशा १५० जणांना विचारला. निम्म्याहून अधिक जणांनी 'ऊर्जा' हेच उत्तर दिले! डिसेंबर २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला त्यांचा छोटेखानी लेख आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो त्यात नवे रसायनशास्त्र आहे म्हणून नव्हे. रसायनशास्त्र जुनेच आहे. शाळेत शिकलेला वस्तुमान-अक्षय्यतेचा नियम स्वतःच्या शरीराला लावायचे आपल्याला सुचत नाही, हे त्याने उघडे पाडले.

'चरबीची ऊर्जा होते' हे विधान शब्दशः घेतले तर काय होईल? १९४५ साली हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बमध्ये एक ग्रॅमहून कमी वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर झाले होते. एक किलो चरबीची खरोखरच ऊर्जा झाली असती, तर पोट कमी करणाऱ्याबरोबर सारा जिल्हाच नाहीसा झाला असता. शरीरात घडते ते साधे ऑक्सिडीकरण. त्यात अणूंची मांडणी बदलते, ऊर्जा मोकळी होते, पण अणू सगळेच्या सगळे शिल्लक राहतात.

मेदाच्या एका प्रातिनिधिक रेणूत कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. त्याच्या पूर्ण ऑक्सिडीकरणाला ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे ५५ व पाण्याचे ५२ रेणू तयार होतात. (हे समीकरण फळ्यावर संतुलित करून घ्यावे, दहावीच्या विद्यार्थ्याला जमण्याजोगे आहे.) हिशेब किलोत मांडला तर १० किलो चरबीसाठी २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो आणि २८ किलो कार्बन डायऑक्साइड व ११ किलो पाणी तयार होते. मूळ १० किलोंचा वाटा पाहिला तर ८.४ किलो श्वासावाटे जाते, उरलेले १.६ किलो पाण्याच्या रूपाने. म्हणजे चरबी बाहेर टाकण्याचे मुख्य इंद्रिय फुप्फुस!

एवढे कळले की बाजारातले पुष्कळसे दावे आपोआप गळून पडतात. पोटाला गुंडाळून घाम काढणारे पट्टे घ्या. अर्ध्या तासात वजन उतरते हे खरे, पण ते पाण्याचे. दोन पेले पाणी प्यायले की भरून येते. चरबीचे स्नायू होतात हीही समजूत टिकत नाही. स्नायू प्रथिनांचे, प्रथिनांत नायट्रोजन, आणि वरच्या रेणूत नायट्रोजनचा एकही अणू नाही.

मग जोरजोरात श्वास टाकून बारीक होता येईल का? मुळीच नाही. त्याने रक्तात आधीच असलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, चक्कर येते. पेशींतले ऑक्सिडीकरण वाढत नाही. ते स्नायूंच्या कामाने वाढते, पण किती? साठ किलोंच्या माणसाने ताशी पाच किलोमीटरने तासभर चालले, तर बसून राहण्यापेक्षा सुमारे १४० किलोकॅलरी जास्त खर्च होतात, म्हणजे पंधरा-सोळा ग्रॅम मेद. तेवढेच तेल जेवणात वरून घेतले की हिशेब बरोबर. व्यायामाने हृदयाला, स्नायूंना आणि रक्तातील साखरेच्या नियंत्रणाला जो लाभ होतो तो वेगळा, आणि आमच्या मते अधिक मोलाचा. जाहिरातींत मात्र त्याला जागा नसते.

या लेखाबाबत आमची एक तक्रार आहे. अणूंचा जमाखर्च तो चोख मांडतो, पण वजन उतरू लागले की भूक वाढते आणि विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाखर्चही घटतो, ही बाजू त्यात येत नाही. त्यामुळे 'कमी खा, जास्त हाला' हा सल्ला गणिताइतका सोपा वाटू लागतो, आणि ज्याचे वजन हलत नाही त्याला आळशी ठरवले जाते. वर्गातल्या लठ्ठ मुलाच्या वाट्याला हे रोज येते.

ही संकल्पना शालेय अभ्यासक्रमात यावी, अशी शिफारस लेखकांनी केली आहे. आपल्याकडे त्यासाठी थांबायचे कारण नाही, चुन्याची निवळी प्रत्येक प्रयोगशाळेत असते. एका विद्यार्थ्याला नळीतून निवळीत हळूहळू फुंकायला सांगावे (ओढायचे नाही, हे बजावावे) आणि ती दुधाळ व्हायला लागणारा वेळ मोजावा. मग त्याला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावून पुन्हा मोजावा. दुसऱ्या खेपेला निवळी लवकर दुधाळ होते. हा कार्बन साखरेचा की चरबीचा, असे एखादी चुणचुणीत मुलगी विचारील. निवळी ते सांगू शकत नाही, समीकरण सांगते: ग्लुकोजसाठी ऑक्सिजनचे ६ रेणू खर्चून कार्बन डायऑक्साइडचे ६ मिळतात, गुणोत्तर १, मेदासाठी ७८ खर्चून ५५, म्हणजे सुमारे ०.७. शरीरक्रियाशास्त्रज्ञ श्वासातले हेच गुणोत्तर मोजून शरीर त्या क्षणी कोणते इंधन वापरते आहे ते ओळखतात.