‘ख्रिस्तपुराणा’तील नम्रता

१५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. परदेशी धर्मोपदेशकाने युरोपीय विद्येचा डौल न मिरविता आपल्या संतांची ओवी पत्करावी आणि मुक्तकंठाने मराठीची थोरवी गावी, ही नम्रता अस्सल आहे.

परंतु मूर्तिपूजेचा विषय निघताच ती नम्रता आटते. आपली दैवते येथे मिथ्या ठरविली जातात; आणि साष्टीतील देवळे तर १५६७ सालीच राजसत्तेच्या बळावर पाडली गेली होती. प्रतिपक्षाला तोंड उघडण्याची मुभा नसेल, तर त्या वादातील जय न्यायाचा कसा मानावा? निर्गुणाचा पक्ष आपल्या संतांनीही मांडला. त्यासाठी कोणाचा देव्हारा मोडावा लागला नाही.

शिष्यांचे पाय धुणाऱ्या ख्रिस्ताच्या दृष्टीने सत्तेचा अहंकार हीच सर्वांत मोठी मूर्ती नव्हे काय? देवळे फोडणाऱ्यांनी ती मात्र शाबूत ठेवली. तरीही जितांच्या भाषेपुढे फादर स्टीफन्स नतमस्तक झाले. म्हणून हे पुराण आपण टाकू नये; डोळसपणे वाचावे.