संशय आणि शब्दार्थ

संशय हा ज्ञानाचा शत्रू नव्हे. परंतु प्रत्येक संशय ज्ञानाकडेच नेतो, असेही नव्हे. नोव्हेंबर २००९ मध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या हवामान-संशोधन विभागातील पत्रव्यवहार उघड झाला. त्यातील १९९९ च्या एका पत्रात ‘ट्रिक’ हा शब्द होता. गणिताच्या परिभाषेत त्याचा अर्थ ‘युक्ती’. संशयवादी लेखकांनी तो ‘लबाडी’ असा केला. त्याच पत्रात लपविल्याचा उल्लेख असलेली ‘घट’ तापमानाची नव्हती. ती १९६० नंतर काही वृक्षवलयांच्या घनतेत आढळलेली होती. संदर्भापासून तोडलेला शब्द वाटेल त्याची साक्ष देतो, तो असा.

तथापि सर्व दोष एकाच पक्षाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. २०१० मध्ये रसेल समितीने शास्त्रज्ञांचा प्रामाणिकपणा निःसंशय ठरविला. पण त्यांच्या ठिकाणी मोकळेपणाचा अभाव होता आणि संबंधित आलेख दिशाभूल करणारा होता, असेही नमूद केले. आधारसामग्री मागणाऱ्या स्टीव्ह मॅकिन्टायर यांची मागणी त्यामुळे रास्त ठरते. पुरावा मागणे हा संशयकाचा अधिकार होय. मिळालेला पुरावा मानणे हे त्याचे कर्तव्य होय. पहिल्याचा घोष करून दुसरे विसरणाऱ्या लेखनास आक्षेप म्हणता येईल, चिकित्सा म्हणता येणार नाही.