लांबी गुणिले घेराचा वर्ग भागिले 800 : सूत्र चांगलं, पण कशासाठी?

गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक सूत्र जगभर चालतं: लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले 800. मापं इंचात घ्यायची, वजन पौंडात मिळतं. तराजू लागत नाही, मासा लगेच पाण्यात सोडता येतो. मग उजनीच्या माशांवर प्रोजेक्ट करताना हेच वापरलं तर काय बिघडलं? बरंच बिघडतं. कसं ते बघूया.

आधी 800 चा अर्थ लावू. मासा म्हणजे दहावीच्या पुस्तकातली वृत्तचिती समजा. तिचं घनफळ म्हणजे लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले 12.57. ती पाण्याने भरली तर इंच-पौंडाच्या हिशोबात भाजक 348 च्या आसपास येतो. म्हणजे 800 लिहिलं की आपण न सांगता मान्य करतो: मासा त्या वृत्तचितीचा साधारण 43 टक्के भाग भरतो. दोन्ही टोकांना निमुळत्या, गोलसर माशाला हे चालून जाईल. पण उजनीतली चिलापी बाजूंनी चपटी. घेर तोच असला तरी चपट्या छेदाचं क्षेत्रफळ वर्तुळापेक्षा कमीच भरतं. वाम तर सापासारखी लांब. दोघींना एकच आकडा कसा लावायचा?

दुसरी अडचण घेराची. 40 सेंमी घेर 42 मोजला गेला, तर चूक 5 टक्के, पण वर्गामुळे वजनात ती 10 टक्के होते. हातात तडफडणाऱ्या माशाभोवती टेप नीट बसवणं सोपं नाही, आणि तेवढा वेळ मासा पाण्याबाहेर राहतो.

म्हणून संशोधनात वजन = a × लांबीचा b वा घात, हे समीकरण जास्त वापरतात. ल क्रेन यांचा 1951 चा पर्च माशावरचा निबंध आणि फ्रोझे यांचा 2006 चा आढावा, हे दोन्ही वाचल्याशिवाय या विषयात उतरू नका. b बहुतेक वेळा 2.5 ते 3.5 मध्ये असतो. 3 आला तर मासा वाढताना आकार तसाच ठेवतो.

पण इथेही घोळ होतो. लांबी कोणती? तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत एकूण लांबी, की शेपटीचा पर सोडून प्रमाण लांबी? समजा एकूण 50 सेंमी आणि प्रमाण 40 सेंमी. प्रमाण लांबीवर काढलेल्या समीकरणात 50 घातले, तर b = 3 धरून वजन जवळपास दुप्पट निघतं! अशा नोंदींवरून कुणी जलाशयातलं उत्पादन मोजलं, तर कागदावर मासे वाढतील, पाण्यात नाही.

आपल्याकडच्या प्रबंधांबद्दल माझी मुख्य तक्रार वेगळी आहे. r² 0.98 आला की निष्कर्ष संपतो. अरे, 10 सेंमीपासून 60 सेंमीपर्यंतचे मासे एका आलेखात घेतले तर r² मोठाच येणार! खरे प्रश्न पुढे आहेत. b ची विश्वासार्हता-मर्यादा दिली का? ती 3 ला ओलांडते का? सगळे मासे एकाच आसाच्या जाळ्यातले आहेत का? तसं असेल तर ठराविक आकाराचेच मासे हाती लागतात. नमुने कोणत्या महिन्यातले? पावसाळ्याच्या तोंडावर गाभोळीने भरलेली रोहू आणि अंडी टाकून झालेली रोहू लांबीला सारखी असली तरी वजनाला सारखी नसते.

मग 800 चं सूत्र टाकून द्यायचं? नाही. काठावर बसून अंदाज करायला ते छानच आहे. फक्त त्या अंदाजाला माहिती म्हणून तक्त्यात बसवू नका. भिगवणच्या मासळी बाजारात मासे तसेही तराजूवर चढतात. तिथे प्रत्येक जातीची एकूण लांबी आणि खरं वजन वर्षभर नोंदवा, त्यावरून स्वतःचे a आणि b काढा. मग पुढच्या वेळी गळाला लागलेल्या माशाची फक्त लांबी मोजून त्याला सोडून देता येईल. आणि तक्त्याच्या मथळ्यात कोणती लांबी, कोणतं एकक, कोणता महिना, हे आधी लिहा. गाईड विचारायच्या आत.