‘डिफायंट’ : एका विशेषणाचा अर्थविचार

परभाषेतील नामाचा अर्थ कोशात सापडतो. विशेषणाचा अर्थ मात्र पुष्कळदा बोलणाऱ्याच्या मनात शोधावा लागतो. नाम वस्तू दाखविते, विशेषण तिच्याविषयीचा निवाडाही सांगून टाकते. या दृष्टीने इंग्रजीतील ‘डिफायंट’ हे विशेषण विचार करण्याजोगे आहे. आपल्याकडील विद्यार्थी त्याला ‘उद्धट’, ‘उद्दाम’, ‘बंडखोर’, ‘अवज्ञाकारी’ असे प्रतिशब्द योजतात. यांपैकी एकही सर्वथा चुकीचा नाही; परंतु एकही पुरा पडत नाही. तसे का व्हावे, हे पाहणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम आपल्या शब्दांची घडण पाहू. ‘उद्दाम’ म्हणजे ज्याचे दावे सुटले आहे असा. ‘उच्छृंखल’ म्हणजे साखळीतून सुटलेला. ‘निरंकुश’ म्हणजे ज्याच्यावर अंकुश चालत नाही असा. गोठा आणि हत्तीखाना यांतून आलेले हे शब्द आहेत, आणि ज्याच्या हाती दावे वा अंकुश आहे त्याच्याच दृष्टीने ते बोलतात. इंग्रजीतही असा शब्द आहे. ‘रिकॅल्सिट्रंट’ याच्या मुळाशी टाच या अर्थाचा लॅटिन शब्द असून, उलटून लाथ झाडणारे जनावर हे त्यातील मूळ चित्र होय.

‘डिफायंट’चे कूळ याहून निराळे आहे. त्याच्या मुळाशी ‘फिडेस’, म्हणजे निष्ठा वा विश्वास, हा लॅटिन शब्द आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत उतरलेल्या ‘डिफाय’ या क्रियापदाचा आरंभीचा अर्थ ‘दिलेली निष्ठा परत घेणे’ असा होता. मध्ययुगीन युरोपात सरदाराला आपल्या धन्याविरुद्ध उभे राहावयाचे झाले, तर आधी निष्ठा सोडल्याचे रीतसर कळवावे लागे. इंग्लंडच्या सरदारांनी १२१५ च्या मे महिन्यात जॉन राजाविषयीची निष्ठा अशीच सोडली आणि पुढच्याच महिन्यात ‘मॅग्ना कार्टा’ सिद्ध झाला. भिडस्त या अर्थाचा ‘डिफिडंट’ हाही याच मुळाचा शब्द आहे, हे ऐकून वाचकांस कौतुक वाटेल. एकाचा अविश्वास स्वतःवर, दुसऱ्याचा समोरच्याच्या अधिकारावर, एवढाच काय तो भेद!

या व्युत्पत्तीतून दोन गोष्टी निघतात. पहिली उघडपणाची. गुरुजींची पाठ वळताच चिंच तोंडात टाकणारा मुलगा आज्ञाभंग करतो, पण तो ‘डिफायंट’ नव्हे. त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन खाणारा मात्र तसा म्हणता येईल. सोफोक्लीझच्या ‘अँटिगनी’ या नाटकात हा भेद फार सुरेख दिसतो. राजाज्ञा मोडून भावाच्या प्रेतावर अंत्यसंस्कार करण्याचा नायिकेचा बेत ऐकून तिची बहीण इस्मेनी म्हणते, की निदान हे गुप्त ठेव. अँटिगनीला नेमके तेच नको आहे; ते सर्वांना सांग, असे ती बहिणीला बजावते. पुढे राजा क्रेऑन तिच्याविषयी बोलताना तापट घोडी लहानशा लगामाने वठणीवर येतात, असा दाखला देतो. राजाच्या तोंडी पुन्हा पागेचीच भाषा यावी, हे किती अर्थपूर्ण आहे!

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एका ठिकाणची निष्ठा काढून घेणारा ती दुसरीकडे कोठे ठेवतो? अँटिगनी ती देवांच्या अलिखित नियमांच्या ठायी ठेवते. २२ जुलै १९०८ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांनी ज्यूरीचा निर्णय ऐकून जे उद्गार काढले, त्यांचाही आशय असाच होता : ज्यूरीने काहीही ठरविले तरी मी निर्दोष आहे, आणि जगाचे नियंत्रण करणाऱ्या शक्ती या न्यायासनाहून वरिष्ठ आहेत. त्यांत न्यायाधीशाचा अवमान नाही, आदळआपट नाही. सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा देणाऱ्या त्याच न्यायालयात १९५६ साली ते उद्गार कोरलेली शिला बसविण्यात आली. अशा वृत्तीला ‘उद्दाम’ म्हणणे म्हणजे फिर्यादी पक्षाची भाषा बोलणे होय. येथे मराठीतला ‘बाणेदार’ हाच शब्द शोभतो.

अचेतन वस्तूंच्या संबंधात या क्रियापदाचा उपयोग होतो, तेव्हा मात्र आपली भाषा अडत नाही. रोग औषधाला ‘दाद देत नाही’, सौंदर्य वर्णनाला ‘दाद देत नाही’, असे आपण सहज म्हणतो. निवाडा नसलेले असे तटस्थ शब्द आपल्यापाशी आहेत. ‘न जुमानणारा’ हाही त्यांतलाच. तेव्हा भाषांतरकाराने आधी हे पाहावे, की वाक्य कोण बोलत आहे. क्रेऑन बोलत असेल तर ‘उद्दाम’, कवी बोलत असेल तर ‘बाणेदार’, आणि केवळ वृत्तान्त असेल तर ‘न जुमानणारा’.

हा विवेक केवळ भाषांतराच्या वहीपुरता नाही. विद्यार्थ्याच्या वर्तनाविषयी शेरा लिहिताना आम्हां शिक्षकांच्या लेखणीतून ‘उद्धट’ हा शब्द फार लवकर उतरतो आणि तो त्या मुलामागे कित्येक वर्षे चालत राहतो. त्याने आज्ञा मोडली, एवढे आपल्याला दिसलेले असते. ती कोणत्या निष्ठेपायी मोडली, हे विचारलेले नसते. कदाचित एखाद्या सोबत्यावरील अन्याय त्याला साहवला नसेल. कदाचित खरोखरच तो नुसता दावे तोडणारा असेल. हे दोघे एकाच शब्दाने ओळखले जाऊ नयेत, एवढी दक्षता तरी भाषा शिकविणाऱ्याने बाळगलीच पाहिजे.