हरिभाऊंचा पाल्हाळ

हरि नारायण आपट्यांच्या कादंबऱ्यांविषयीं बोलणें निघालें कीं दोन वाक्यें ठरलेलीं असतात. पहिलें, मराठी कादंबरीला खरें वळण हरिभाऊंनीं लाविलें. दुसरें, ते फार पाल्हाळ लावतात. पहिलें वाक्य म्हणणाऱ्यानें हरिभाऊ वाचलेले असतातच असें नाहीं. दुसरें म्हणणाऱ्यानें निदान शंभर पानें तरी वाचलेलीं असतात, म्हणून त्याच्याविषयीं मला अधिक आदर वाटतो. मी स्वतः बरींच वर्षें या दुसऱ्या पक्षांत होतों. कॉलेजांत असतांना लिहिलेल्या एका निबंधांत, 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी एकतृतीयांशानें कमी झाली असती तर दुपटीनें चांगली झाली असती, असें मीं मोठ्या आढ्यतेनें लिहिलें होतें. आणि प्राध्यापकांनीं त्या वाक्याखालीं शाबासकीची रेघही ओढिली होती.

त्या वाक्याचें फळ मला गेल्या वर्षीं मिळालें. ग्रंथप्रकाशनाच्या व्यवसायांत असलेल्या एका स्नेह्यांनीं या कादंबरीची संक्षिप्त आवृत्ति काढण्याचें मनांत आणिलें आणि कात्री चालविण्याचें काम माझ्याकडे सोंपविलें. "तुम्ही जन्मभर हरिभाऊ वाचीत आलां आहां, काय ठेवावें नि काय गाळावें हें तुमच्यावांचून कोणाला कळणार?" असें ते म्हणाले. स्तुति कोणाला आवडत नाहीं? मीं होकार दिला, एक जुनी प्रत पुढें घेतली, पेन्सिलीला टोंक केलें आणि कामाला बसलों. त्या कामाचें पुढें काय झालें तेंच येथें सांगावयाचें आहे.

हरिभाऊंचा नाद मला दहाव्या वर्षीं लागला, आणि तो सामाजिक कादंबऱ्यांमुळें लागला नाहीं. आमच्या साताऱ्याच्या घराच्या माळ्यावर 'उषःकाला'ची एक पुठ्ठा गेलेली प्रत होती. ती मीं मे महिन्याच्या सुटींत धान्याच्या कणग्यांमध्यें बसून वाचली. भुयारें, वेषांतरें, मध्यरात्रींचीं खलबतें, यांनीं त्या वयांत जें वेड लावावयाचें तें लाविलें. आज ती कादंबरी मीं पुन्हा उघडली तर ती धग लागत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. विजयनगरच्या अस्ताची कथा सांगणारा 'वज्राघात' मात्र अजून मला धरून ठेवतो. पुढें अठराव्या वर्षीं 'मी' हातीं पडली आणि भावानंदासारखें अविवाहित राहून लोककार्याला वाहून घ्यावयाचें असा निश्चय आम्हां तिघां मित्रांनीं केला. माझा निश्चय पदवीपरीक्षेपर्यंत टिकला. आतां 'मी' वाचतांना भावानंदापेक्षां त्याच्या ताईकडेच माझें लक्ष अधिक जातें. भावानंद व्याख्यान देऊं लागला कीं मी पान उलटतों.

म्हणजे हरिभाऊंचे दोष मला दिसत नाहींत असें नाहीं. ते कोठून आले हेंही उघड आहे. १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें, आणि त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या त्यांतून तुकड्यातुकड्यांनीं बाहेर पडल्या. आठवडा उलटला कीं रकाने भरावयाचे. शिवाय आनंदाश्रमाची व्यवस्था अंगावर होतीच. अशा रीतीनें लिहिणाऱ्याच्या हातून पसारा वाढतो आणि कधीं कधीं तो आवरतही नाहीं. 'आजच', 'मायेचा बाजार', 'कर्मयोग' या कादंबऱ्या त्यांच्याकडून पुऱ्या झाल्या नाहींत. १९१९ सालीं, पंचावन्न वर्षें पुरीं होण्यास कांहीं दिवस उरले असतांना ते वारले, आणि वाचकांचें हें देणें तसेंच राहून गेलें. 'यशवंतराव खरे' मध्यें तर कथा थांबवून वादविवाद चालू झाला कीं आपण कादंबरी वाचतों आहों कीं वृत्तपत्र, असा प्रश्न पडावा. या बाबतींत टीकाकारांशीं माझें भांडण नाहीं.

परंतु पेन्सिल घेऊन मी बसलों होतों तो 'पण लक्षांत कोण घेतो!' पुढें, आणि तेथें प्रश्न निराळा निघाला.

संक्षेप करावयाचा तर पहिली कात्री कोठें लागेल? जेथें कांहीं घडत नाहीं तेथें. यमूचें बालपण, दादाशीं चाललेलीं भांडणें, वडिलांचा धाक, आजीची माया, सासरच्या मोठ्या कुटुंबांतील बायकाबायकांची कुजबूज. आणि मुख्यतः यमू नवऱ्याबरोबर मुंबईस राहावयास गेल्यानंतरचा भाग. रघुनाथरावांनीं तिला शिकविणें, वागविणें, नव्या स्नेह्यांच्या घरांतील जाणें-येणें, बायकांनीं मोकळेपणानें बोलणें, याच गोष्टी तेथें पानोंपानीं चालल्या आहेत. संकट नाहीं, रहस्य नाहीं. मीं या भागाला कंस घालावयास सुरुवात केली. सातआठ पानें झालीं असतील नसतील, तोंच मला आमच्या माईची आठवण झाली, आणि हात थांबला.

माई म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. मी अकरा वर्षांचा होतों तेव्हां, म्हणजे १९५९ च्या सुमारास, तिनें पासष्टी ओलांडली होती. डोक्यावरून घेतलेलें तांबडें अलवण, एक वेळचें जेवण, देवघराशेजारची खोली. घरांतल्या कामाला पहिली आणि पंगतीला शेवटची. तिला वाचतां येत असे, पण मोतीबिंदूमुळें डोळे गेल्यासारखेच होते. म्हणून दुपारीं जेवणें झाल्यावर मीं तिला पुस्तक वाचून दाखवावें असा घरांत नियम पडला. पोथ्या संपल्यावर तिनें एके दिवशीं आपणच पेटींतून 'पण लक्षांत कोण घेतो!' काढून माझ्या हातीं दिलें.

तिचें ऐकणें चमत्कारिक होतें. बालपणाच्या भागांत ती मधूनमधून हंसे आणि "अगदीं अशीच बोलायचो आम्ही" असें म्हणे. हें पुस्तक पुरुषानें लिहिलेलें आहे हें तिनें शेवटपर्यंत मानलें नाहीं. "नांव घातलं असेल पुरुषाचं; लिहिलंय कुणी बाईनंच," हें तिचें ठाम मत होतें. मुंबईचा भाग सुरू झाला कीं ती हातांतली वात वळावयाची थांबे. तो भाग संपत आला, रघुनाथरावांच्या आजारपणाची चाहूल लागली, कीं ती म्हणे, "पुरे आज." दुसऱ्या दिवशीं मीं खुणेच्या पानावर पुस्तक उघडलें तर ती म्हणे, "तिथून नको, मुंबईला बिऱ्हाड केलं तिथून वाच." असें एकदां नाहीं, तीन उन्हाळे चाललें. तें मुंबईचें बिऱ्हाड मीं तिच्यापुढें किती वेळां मांडलें असेल याची गणती नाहीं. मला अर्थातच कंटाळा येई. पुढें काय झालें हें जाणण्याची मला उत्सुकता होती, आणि म्हातारीला गोष्ट पुढें जाऊं द्यावयाची नाहीं! अखेर मीं शेवट चोरून वाचला, रात्रीं घाबरलों, आणि कोणाला बोललों नाहीं.

ती गेल्यावर आजोबांनीं सांगितलें, कीं माईचें लग्न झाल्यावर तिचे यजमान गिरगांवांत नोकरीला होते, तेथें एका चाळींत दोघांनीं एक वर्ष बिऱ्हाड केलें होतें, आणि तिला सोळावें लागलें त्या वर्षीं प्लेगांत ते गेले. आमच्या घरीं त्या वर्षाविषयीं कोणी कधीं बोललें नव्हतें. तीही बोलली नव्हती.

आतां हा केवळ घरगुती योगायोग आहे, त्याचा टीकेशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा. ही कादंबरी आत्मवृत्त आहे. सांगणारी यमू आहे, आणि ती जेव्हां सांगते तेव्हां ती विधवा आहे. नवरा गेला हें तिला पहिल्या पानापासून ठाऊक आहे. आपण वाचक पुढें काय होणार म्हणून घाई करतों. तिला पुढें जावयाची घाई असण्याचें कारणच नाहीं. मुंबईच्या दिवसांतून बाहेर पडलें कीं समोर काय उभें आहे हें ती जाणते. म्हणून ती तेथें रेंगाळते. आठवेल तें, लहानसहान सुद्धां, टिपून ठेवते. एक गोष्ट सांगतां सांगतां दुसरी काढते. तो पाल्हाळ यमूचा आहे. हरिभाऊंनीं तो तिच्या हातून काढून घेतला नाहीं. मी कॉलेजांत ज्याला रचनेचा दोष समजलों, तें त्या बाईचें मन आहे, आणि शंभर निबंध लिहिणाऱ्याला जें दिसलें नाहीं तें खोलींत बसून वाती वळणाऱ्या माईला पहिल्याच वाचनांत कळलें होतें.

हरिभाऊंना हें जाणूनबुजून साधलें कीं आठवड्याच्या रकान्यानें आपोआप घडविलें, याचा निर्णय करण्याची मला गरज वाटत नाहीं. परंतु त्यापूर्वींच्या कादंबरीशीं ताडून पाहिलें म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालचें. विषय हिंदु विधवांच्या दुःस्थितीचा आणि नायिकेचें नांवही यमुनाच. तेथें प्रवासांत एकामागून एक विधवा भेटते, प्रत्येकीची हकीगत निराळी, आणि सर्वांचा निष्कर्ष एक. साक्षीपुरावे भरपूर आहेत. पण एकाही बाईच्या स्वयंपाकघरांत आपण दोन दिवस राहत नाहीं. हरिभाऊंनीं साक्षीदारांची रांग लाविली नाहीं. दुर्गीसारखी मैत्रीण आहे, तिचा नवरा आहे, त्या हकीगतीनें काळीज फाटतें. तरी मुख्य भिस्त एकीवरच. तिच्या घरांत त्यांनीं आपल्याला इतके दिवस ठेवून घेतलें, कीं शेवटीं शंकरमामंजींच्या कारस्थानानें तिचें बळजबरीनें केशवपन होतें तेव्हां तो एका रूढीचा बळी राहत नाहीं. जिच्या बोलण्याची लकब आपल्या कानांत बसली आहे, अशा माणसावर हात पडलेला असतो. केशवपनाचा तो प्रसंग तसा मोठा नाहीं. त्याला भयंकर करणारीं पानें त्याच्या कितीतरी आधीं येऊन गेलेलीं आहेत, आणि नेमक्या त्याच पानांवर माझी पेन्सिल चालली होती.

पहिल्या वाचकांचा विचार केला तर हें आणखी स्पष्ट होतें. १८९० पासून १८९३ पर्यंत ही कथा 'करमणुकी'तून चालली होती. मधल्या १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यांत केवढें रान उठलें होतें हें सर्वांस ठाऊक आहे. सभांतून आणि वर्तमानपत्रांतून 'स्त्रियांचा प्रश्न' गाजत होता. त्याच दिवसांत सुशिक्षित घरांतून दर आठवड्यास एक मुलगी थोडीथोडी मोठी होत होती. जो गृहस्थ सभेंत सुधारकांवर तुटून पडे त्याच्या घरींही कदाचित् माजघरांत हा अंक वाचला जात असेल. वादांत जिंकणें किंवा हरणें असतें. यमूच्या बाबतींत तसें कांहीं करण्याची सोय नव्हती. तिचें ऐकत बसावें लागे. तिनें आपल्या कथेच्या नांवांतच जी तक्रार केली आहे, ती ऐकून घेण्याला वेळ लागतो, आणि तो वेळ त्या वाचकांना द्यावा लागला. आज आपण दोन रात्रींत पुस्तक संपवितों आणि लांबी झाली म्हणतों.

यावर आक्षेप येईल तोही खरा आहे. आजच्या तरुण वाचकाला ही भाषा जड जाते, माजघर आणि ओटी यांतला भेद सांगावा लागतो, अलवण म्हणजे काय हें टीपेंत द्यावें लागतें. संक्षेपाच्या निमित्तानें का होईना, त्यानें हरिभाऊ हातीं घ्यावे हें बरें नव्हे काय? माझ्या स्नेह्यांचा हेतु चांगलाच होता. परंतु संक्षिप्त प्रतींत उरेल तें काय? लग्न, सासुरवास, नवऱ्याचा मृत्यु, केशवपन. म्हणजे एका वाईट रूढीची हकीगत. ती इतिहासाच्या पुस्तकांत अधिक चांगली मिळते, आणि रूढि गेली म्हणून आपण सुटलों असें समाधानही त्यासोबत मिळतें. हरिभाऊंच्या पुस्तकांत तें समाधान मिळत नाहीं. कारण तेथें हानि झालेली दिसते ती मुंबईच्या त्या बिऱ्हाडाची, दोन माणसें एकमेकांशीं मोकळेपणानें बोलूं लागलीं होतीं त्या बोलण्याची. टीपा वाटेल तितक्या द्याव्या. तें बिऱ्हाड मात्र पुरतें मांडलेलें असलें पाहिजे.

मीं तीन आठवड्यांनीं प्रत परत पाठविली. घातलेले कंस पुसून टाकिले होते. एकदोन ठिकाणीं मात्र ते तसेच राहूं दिले. तेथें यमू बोलतां बोलतां एकाएकीं स्त्रीशिक्षणावर सविस्तर उपदेश करूं लागते, आणि तिच्या पदराआडून 'करमणुकी'च्या संपादकांची पगडी स्पष्ट दिसते. तेवढें गाळावयास माझी हरकत नाहीं, असें मीं स्नेह्यांना कळविलें. माईनेंही तीं पानें वाचतांना मला "पुढें चल" म्हणून सांगितलें होतें.